नितळ बाटली

रात्री उशिरा प्रयोगशाळेत ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीच्या, काचेला नाक लावून मी एका बाटलीकडे बघत बसले होते. बोटभर उंचीची बाटली. संध्याकाळी तिच्यात पिवळंजर्द द्रावण होतं आणि तळाशी मी बनवलेल्या पांढऱ्या पुडीची चिमूट. आता ते द्रावण पाण्यासारखं नितळ झालं होतं. शेजारच्या बाटलीत पूड घातली नव्हती, ती होती तशीच पिवळी. दोन्ही बाटल्या जवळजवळ ठेवून मी काचेबाहेरून फोटो काढला, माझ्या मार्गदर्शक सरांना पाठवला आणि खाली लिहिलं, "जमलं."

जमलं नव्हतं. पण हे कळायला जवळजवळ वर्ष जावं लागलं.

त्या बाटलीत काय होतं हे सांगायचं तर आधी गंधकाबद्दल बोलायला हवं. गंधक हा तसा कुणाला नकोसा पदार्थ. खनिज तेल शुद्ध करताना तो काढावाच लागतो, आणि निघतोही इतका की त्याचे पिवळेधमक ढीग उघड्यावर रचून ठेवलेले असतात. म्हणजे स्वस्त आणि मुबलक. तरीही बॅटरीवाल्यांचा त्याच्यावर डोळा आहे तो वजनामुळे. १ ग्रॅम गंधकात सिद्धांतानुसार १६७५ मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार मावतो. लिथियम-आयन बॅटरीत वर्षानुवर्षं वापरलेलं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास देतं. गंधकाच्या सेलचा व्होल्टेज कमी असतो, साधारण २.१५ व्होल्ट; पण ती तूट धरूनही, गंधक आणि त्याला लागेल तेवढंच लिथियम यांचा हिशेब केला तर दर किलोला सुमारे २५०० वॉट-तास हा आकडा येतो. हा आकडा वाचूनच मी या विषयात आले. माझ्यासारखे बरेच जण तसेच आले असावेत.

कल्पना जुनी आहे. गंधकाचा कॅथोड, म्हणजे बॅटरीची धन बाजू, वापरायचं हर्बर्ट आणि उलाम या दोघांचं पेटंट १९६२ सालचं. २०१० साली झेफायर नावाचं सौरविमान सलग चौदा दिवस हवेत राहिलं, त्यात दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवायला लिथियम-सल्फर बॅटऱ्याच होत्या. वजनाचा ग्रॅमन् ग्रॅम मोजावा लागतो तिथे गंधकाची आठवण होते. मग तो आपल्या फोनमध्ये का नाही?

लिथियम-आयन बॅटरीत लिथियम पदार्थाच्या थरांमध्ये शिरतं आणि निघतं, फडताळाच्या कप्प्यात वस्तू ठेवावी-काढावी तसं. फडताळ जागच्या जागी उभं असतं. गंधकाच्या बाबतीत फडताळच मोडतं आणि परत बांधावं लागतं. गंधकाचा रेणू म्हणजे आठ अणूंचं कडं. सेल वीज देऊ लागला की ते कडं तुटतं, त्याची लिथियम चिकटलेली साखळी होते. मग ती साखळी आखूड होत जाते. आठाची सहा, सहाची चार, आणि सरतेशेवटी लिथियम सल्फाइड. एका कड्याला सोळा इलेक्ट्रॉन लागतात. सुरुवातीचा गंधक घन, शेवटचं सल्फाइड घन, आणि मधल्या साऱ्या साखळ्या, ज्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात, इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे सेलमधल्या द्रवात, विरघळतात. घन, द्रव, पुन्हा घन. शिवाय दोन्ही टोकांचे घन पदार्थ वीज वाहून नेत नाहीत, आणि गंधकाचं सल्फाइड होताना आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी फुगतं. बॅटरीसाठी याहून गैरसोयीचा पदार्थ मुद्दाम शोधूनही सापडला नसता.

पिवळा रंग त्या मधल्या साखळ्यांचा. त्या विरघळल्या की जागेवर थांबत नाहीत. पलीकडे ऋण बाजूला असलेल्या लिथियमच्या पत्र्यापर्यंत जातात, तिथे आखूड होतात, परत येतात, चार्जिंग चालू असेल तर पुन्हा लांब होतात, पुन्हा जातात. याला 'शटल' म्हणतात. मागावरच्या धोट्यासारखी नुसती ये-जा. मी एकदा एक सेल रात्रभर चार्जिंगला लावून गेले आणि सकाळी आले तर तो अजून चार्जच होत होता. वीज आत जात होती, साठत काहीच नव्हतं. फुटक्या रांजणात पाणी भरावं तसं.

सुरुवातीची बरीच वर्षं या क्षेत्राचं सगळं लक्ष या पळपुट्या साखळ्यांना डांबून ठेवण्यात गेलं. २००९ साली रसायनशास्त्रज्ञ लिंडा नाझर यांच्या गटाने अतिसूक्ष्म नळ्यांसारखी छिद्रं असलेल्या कार्बनमध्ये वितळवलेला गंधक शोषून घेऊन दाखवला, आणि तिथून या विषयाला खरी गती आली. हे वितळवणं आम्हीही नेहमी करतो, १५५ अंशांवर. त्याची गंमत अशी की गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतो, तापवत गेलं की पातळ होत जातो, आणि १६० च्या जवळ एकदम उलटतो. कडी तुटून लांबलचक दोरे होतात आणि पाण्यासारखा पातळ गंधक काकवीसारखा दाट, लालसर होतो. म्हणून १५५. पाच-सात अंश वर गेले तर छिद्रांत शिरणारा गंधक दारातच अडकेल. हा आकडा इतक्या शोधनिबंधांत येतो की तो का आहे हे कुणी विचारत नाही; मलाही दोन वर्षं माहीत नव्हतं.

पण कार्बनला या साखळ्यांचं प्रेम नाही. साखळीच्या टोकांना विद्युतभार असतो, कार्बनचा पृष्ठभाग त्या बाबतीत उदासीन. म्हणून मग धातूंची ऑक्साइडं आली. २०१४ मध्ये टायटॅनियमचं एक वीजवाहक ऑक्साइड आलं, २०१५ मध्ये मँगनीज डायऑक्साइड, ज्याच्या पृष्ठभागावर थायोसल्फेट तयार होऊन तेच साखळ्यांना पकडून ठेवतं. आणि याच सुमाराला लोकांच्या बोलण्यात एक नवा शब्द यायला लागला, कॅटॅलिस्ट. उत्प्रेरक. साखळ्यांना नुसतं कोंडून काय उपयोग? त्या विरघळलेल्या अवस्थेत जितका वेळ राहतील तितका वेळ पळणार. तेव्हा त्यांचं रूपांतरच झटपट उरकून टाका. पळायला सवडच मिळायला नको. विचार सरळ आहे आणि मला तो आजही पटतो.

बर्झेलिअस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 'कॅटॅलिसिस' हा शब्द १८३५ साली घडवला. शाळेत आपण त्याची व्याख्या पाठ करतो: जो क्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः बदलत नाही. या व्याख्येतला दुसरा अर्धा भाग बॅटरीत फारसा टिकत नाही, पण ते नंतर.

आता माझी पांढरी पूड. ती टायटॅनियम डायऑक्साइडची होती. मी तिच्यात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतील अशी खटपट केली होती, कारण अशा उघड्या पडलेल्या धातूच्या अणूंना साखळ्या घट्ट चिकटतात. संगणकावरची गणितंही तेच सांगत होती. बंधाची ऊर्जा जितकी जास्त तितकं चांगलं, असं तेव्हा मी धरून चालले होते. आमच्याकडे एक तक्ता होता, त्यात वेगवेगळ्या पदार्थांच्या बंध-ऊर्जा उतरत्या क्रमाने लिहिलेल्या. माझी पूड वरून दुसरी. परीक्षेचा निकाल बघावा तसं मी ते बघत असे.

साखळ्या पुडीला चिकटल्या, द्रावण नितळ झालं, म्हणजे बाटलीने तक्त्याची ग्वाही दिली. मग मी कॉइन सेल केले, नाण्याएवढ्या छोट्या बॅटऱ्या. गंधक, कार्बन आणि पुडीची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पसरली, वाळवली, चकत्या कापल्या, आरगॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एकावर एक रचून दाबून बंद केल्या. पहिली दोन-चार आवर्तनं, म्हणजे चार्ज-डिस्चार्जचे फेरे, बरी गेली. मग क्षमता उतरायला लागली. पूड न घातलेल्या साध्या कार्बनच्या सेलपेक्षाही जास्त वेगाने.

लिथियम-सल्फरच्या डिस्चार्जच्या आलेखाला दोन पायऱ्या असतात. वरची २.३ व्होल्टच्या आसपास, तिच्यात कडं तुटून लांब साखळ्या होतात. ही पायरी एकूण क्षमतेचा पाव हिस्सा देते. खालची २.१ च्या आसपास, तिच्यात आखूड साखळ्यांचं घन सल्फाइड होतं, आणि उरलेला पाऊण हिस्सा तिचा. दोन पायऱ्यांच्या मध्ये एक लहानसा खळगा दिसतो. व्होल्टेज किंचित खाली जातो आणि पुन्हा वर येतो. द्रावणातून घन पदार्थाचा पहिला कण बसायला जी जास्तीची धडपड लागते, तिचा तो खळगा. माझ्या सेलमध्ये वरची पायरी झकास होती. खळगा मात्र खोल होत चालला होता, आणि खालची पायरी दिवसेंदिवस आखडत होती. घोडं तिथे पेंड खात होतं. मी मात्र पुष्कळ दिवस वरच्या पायरीकडे बघून खूश होते.

सर एका दुपारी माझ्या टेबलाशी आले. त्या बाटल्यांचा फोटो मी मोठा करून भिंतीला लावला होता. त्यांनी तो बघितला आणि विचारलं, "पकडलं ते दिसलं. पुढे काय केलं त्याचं?"

मला उत्तर देता आलं नाही. टायटॅनियम डायऑक्साइड वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. मी साखळ्यांना अशा ठिकाणी घट्ट धरून ठेवलं होतं जिथे इलेक्ट्रॉन पोचतच नव्हते. क्रिया व्हायला तीन गोष्टी एका बिंदूवर याव्या लागतात: साखळी, लिथियमचा आयन आणि इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन कार्बनवर होते, साखळी ऑक्साइडवर, आणि ऑक्साइड तिला सोडत नव्हतं. बाटलीत हे दिसायची सोयच नाही. बाटलीत तार नसते.

पॉल सबातिए या रसायनशास्त्रज्ञाला १९१२ साली नोबेल मिळालं ते निकेलच्या मदतीने हायड्रोजन जोडण्यासाठी, पण उत्प्रेरकांवर काम करणारे त्याचं नाव घेतात ते वेगळ्याच गोष्टीसाठी. उत्प्रेरकाने पदार्थाला फार सैल धरलं तर क्रिया सुरूच होत नाही. फार घट्ट धरलं तर संपत नाही, जागा अडून राहते. चांगला उत्प्रेरक मधे कुठेतरी असतो. हे मी पदवीला असताना शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, आलेखाच्या डोंगरासकट. आणि तरीही बंध-ऊर्जेचा तक्ता उतरत्या क्रमाने लावून वरच्या ओळी निवडत बसले होते. २०१६ साली यी चुई या पदार्थशास्त्रज्ञाच्या गटाने वीज न वाहणाऱ्या ऑक्साइडांची तुलना करून नेमकं हेच सांगितलं होतं, की नुसतं चिकटणं पुरत नाही, पृष्ठभागावरून साखळ्यांना सरकत सरकत वीजवाहक भागापर्यंत जाताही आलं पाहिजे. तो निबंध माझ्या संगणकात होता. वाचला होता की नाही ते आता आठवत नाही. पिवळ्या शाईने काही ओळी रंगवलेल्या दिसतात खऱ्या.

लिथियम-सल्फरमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. कारखान्यात बहुधा उत्प्रेरकावर तयार झालेला वायू किंवा द्रव वाहून जातो, पृष्ठभाग पुढच्या रेणूला मोकळा. इथे जे तयार होतं ते घन सल्फाइड, वीज न वाहणारं, आणि ते तिथेच बसतं, उत्प्रेरकाच्या अंगावर. म्हणजे उत्प्रेरक जितका चपळ तितक्या लवकर तो आपल्याच कामाखाली गाडला जाणार. सल्फाइड चादरीसारखं सपाट पसरलं तर काही नॅनोमीटरमध्येच खेळ खलास. तेच ढिगासारखं उंच वाढलं तर भोवतालचा पृष्ठभाग उघडा राहतो आणि काम चालू राहतं. त्यामुळे या उत्प्रेरकाकडून नुसत्या वेगाची अपेक्षा करून भागत नाही. घन पदार्थ कुठे आणि कोणत्या आकारात बसेल हेही त्यानेच ठरवायचं. आणि चार्ज करताना सगळं उलटं. तोच सल्फाइडचा ढीग तोडून पुन्हा साखळ्या करायच्या, ज्याला सुरुवातीला मोठा धक्का लागतो. डिस्चार्जला उत्तम असलेला पदार्थ चार्जला तितकाच उत्तम असेल याची काहीच खात्री नाही.

व्याख्येतल्या 'स्वतः बदलत नाही'बद्दल म्हणत होते ते असं. पॉलिसल्फाइडच्या द्रावणात बुडालेले कितीतरी धातू आणि त्यांची संयुगं हळूहळू वरून सल्फाइड होत जातात. आपण एका पदार्थाचं नाव देऊन निबंध लिहितो, आणि पन्नासाव्या आवर्तनाला काम करत असतो त्याच्या अंगावरचा तिसराच कुणीतरी.

आजकाल धातूचे सुटे सुटे अणू कार्बनमध्ये रोवायची पद्धत आहे. कोबाल्टचा एक अणू, भोवती चार नायट्रोजन. २०१८ च्या सुमारास हे लिथियम-सल्फरमध्ये आलं आणि त्याची लाटच आली. मला यातली कल्पकता आवडते, कारण धातू अत्यल्प लागतो आणि प्रत्येक अणू कामाला येतो. फक्त एक खटकतं. असा कार्बन बनवताना त्याची छिद्रं, त्याचं क्षेत्रफळ, त्यातला नायट्रोजन सगळंच बदलतं, आणि श्रेय मात्र त्या एका अणूला मिळतं. तुलनेसाठी ठेवलेला साधा कार्बन बहुतेक वेळा गरीब बिचारा असतो. मीही माझ्या निबंधात असाच गरीब कार्बन ठेवला होता. परीक्षकाने तो पकडला, तेव्हा मला फार राग आला होता.

पण मला खरं ताळ्यावर आणलं ते एका साध्या हिशेबाने. सरांनीच करायला लावला, कागद-पेन्सिल घेऊन. १ ग्रॅम गंधक, पूर्ण क्षमता मिळाली असं समजू. १.६७५ गुणिले २.१५, म्हणजे ३.६ वॉट-तास. त्याला ०.४३ ग्रॅम लिथियम लागतं. आता इलेक्ट्रोलाइट. माझ्या सेलमध्ये मी दर मिलिग्रॅम गंधकाला २० मायक्रोलिटर घालत होते, कारण तेवढं घातलं की आलेख देखणे येतात. म्हणजे १ ग्रॅमला २० मिलिलिटर, घनता १.१ धरली तर २२ ग्रॅम. एकूण वजन २३.४ ग्रॅम. ३.६ भागिले २३.४. दर किलोला दीडशेच्या आसपास वॉट-तास, आणि यात अजून पत्रे, सेपरेटर म्हणजे मधला पडदा, डबी, कार्बन, माझी लाडकी पूड, काहीच धरलेलं नाही. चांगला लिथियम-आयन सेल सगळ्यासकट २५० देतो. २५०० वरून निघालेली मी, दीडशेवर येऊन पोचले होते.

इलेक्ट्रोलाइट ३ मायक्रोलिटरवर आणलं तर हाच भागाकार साडेसातशेच्या वर जातो. पण तेवढ्या थोड्या द्रवात साखळ्या मावत नाहीत, ते दाट होतं, आयन अडखळतात, आणि उत्प्रेरकाची खरी परीक्षा तिथे होते. गंधकाचा थरही जाड हवा, दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिग्रॅमहून जास्त. पातळ थर आणि भरपूर द्रव असेल तर जवळजवळ कुठलीही पूड घातली तरी आलेख सुधारतो. शिवाय आम्ही सगळे इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम नायट्रेट घालतो. ते लिथियमच्या पत्र्यावर संरक्षक थर चढवतं आणि शटल बरंचसं आपणहून थांबवतं. मग उत्प्रेरकाने काय केलं आणि नायट्रेटने काय केलं, हे वेगळं कसं काढणार? ते नायट्रेट संपत जातं हेही आम्ही सहसा बोलत नाही.

पूड टाकून द्यावी असं काही दिवस मनात होतं. मग तिच्यातलीच थोडी नळीभट्टीत ठेवून अमोनियाच्या झोतात तापवली. ऑक्सिजन जाऊन नायट्रोजन येतो आणि टायटॅनियम नायट्राइड तयार होतं, जे धातूसारखी वीज वाहतं. पण पूर्ण होऊ द्यायचं नाही. ऑक्साइडने धरावं, शेजारच्या नायट्राइडवर साखळी सरकावी, इलेक्ट्रॉन तिथे मिळावेत. ऑक्साइड-नायट्राइडची अशी जोडी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे, कल्पना माझी नव्हे. भट्टीतून निघालेली पांढरी पूड काळीनिळी झाली होती. किती वेळ तापवावं यात तीन महिने गेले. कमी झालं तर ऑक्साइडच राहतं, जास्त झालं तर धरायला कुणी उरत नाही.

या वेळी बाटलीच्या आधी सेल केले. द्रव कमी, थर जाड. क्षमता बाटलीवाल्या दिवसांच्या तुलनेत फार मोठी नव्हती. आलेख निबंधाच्या पहिल्या पानावर टाकण्याजोगा तर मुळीच नव्हता. पण मी खळगा बघत होते. पहिल्या आवर्तनाला उथळ होता. विसाव्यालाही तेवढाच. पन्नासाव्याला किंचित खोल, आणि खालची पायरी बऱ्यापैकी जागेवर.

बाटलीची चाचणी शेवटी केलीच, कारण परीक्षक मागतातच. संध्याकाळी पिवळ्या द्रावणात काळी पूड टाकली आणि सकाळी येऊन बघितलं. पूड तळाला बसली होती, आणि वरच्या द्रावणात पिवळी छटा शिल्लक होती. फिकट, पण होती. प्रयोगशाळेत नवीनच आलेली मुलगी माझ्याशेजारी काचेला नाक लावून उभी होती. भिंतीवरचा जुना फोटो तिने बघितलेला.

"ताई, याने पूर्ण नाही धरलं," ती जरा हळहळून म्हणाली.

"नाही ना," मी म्हटलं, आणि तिला बाटली काचेजवळ धरायला सांगून फोटो काढला.